आवाज पोहोचतोय का

नाना बहिरे झाले ते हळूहळू.
आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग कुकरची शिट्टी,
मग अम्माचं तेलुगू.
माझं मराठी सगळ्यात शेवटी.
अक्कलकोट रोडला सत्तावीस वर्षं,
चार यंत्रमागांच्या मधे एक माणूस,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
तिथं सगळे ओठांनीच बोलायचे.
उसनवारी, शिव्या, पोरीच्या लग्नाची बोलणी,
सगळं ओठांनी.

म्हणून मी टीव्हीवर आले
तेव्हा घरात आवाज वाढवायची गरज पडली नाही.
“पाण्याचं बोललीस,” म्हणायचे. “पाच दिवसाआड.”
“हं.”
“केस नीट बांध की.”

मी वार्ताहर, म्हणजे नगावर.
बातमी लागली तर साडेतीनशे,
नाही लागली तर पेट्रोल घरचं.
मौलाली कॅमेरा धरायचा, लग्नसराईत फोन उचलायचा नाही.
अम्मा सांगायची, कारखान्यात छाटातल्या विड्या बाजूला काढतात,
त्यांचे पैसे मिळत नाहीत
आणि विड्याही परत मिळत नाहीत.
माझ्या छाटात बरंच काही गेलं:
छताविना भरणारी शाळा,
उसाच्या ट्रॉलीखाली आलेला सायकलवाला,
विडीच्या तंबाखूनं खोकणाऱ्या अठ्ठावीस बायका.
चव्वेचाळीस डिग्रीत डांबरावर अंडं फोडून दाखवा म्हणाले,
ते मात्र दिवसभरात तीनदा लागलं.

मग टॉवेलच्या त्या कारखान्याला आग लागली, पहाटे.
माणसं आतच झोपायची. शटरला बाहेरून कुलूप.
मी पोचले तेव्हा पाणी मारून झालं होतं
आणि ओल्या सुताचा जळका वास
रिक्षावाल्यांच्या शर्टापर्यंत पोचला होता.
कानात स्टुडिओ म्हणाला, आवाज पोहोचतोय का,
सोलापूरला येतोय आपण, दोन मिनिटांत, थांबा.
मग म्हणाला, बोला.
मी बोलले. नावं घेतली एकेक,
कागद नव्हता, तळहातावर लिहिली होती.
सहा मिनिटं कुणी थांबवलं नाही.
मला वाटलं, आज ऐकतायत.

नंतर मौलालीनं मोबाइलवर दाखवलं.
मोठ्या चौकोनात मुंबईतलं कुठलंसं लग्न,
नवरीचा लेहंगा किती किलोचा, त्यावर चर्चा.
खाली कोपऱ्यात लहान चौकोन,
त्यात मी, बिनआवाजी, हातवारे करत.
पट्टीवर: सोलापुरात आग, सात मृत.

रात्री घरी आले. नाकात काजळी.
नाना जेवायचे थांबले होते.
“आठ,” म्हणाले.
“काय?”
“पट्टीत सात होते. तू आठ म्हणालीस.
आणि भूदेवी म्हणताना अडखळलीस.
तिचा सासरा माझ्या शेजारच्या मागावर होता.”

मग त्यांनी नावं घेतली, बोटं मोडत.
सायन्ना चिप्पा. भूदेवी चिप्पा. त्यांची दोन पोरं.
यल्लप्पा. मेहबूब.
बिहारचे दोघं, त्यातल्या एकाचं नुसतंच छोटू.
बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही,
एवढ्या मोठ्यानं घेतली
की गल्लीत दोन-तीन दारं उघडली,
समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला.
अम्मानं “हळू” अशी हाताची खूण केली
आणि तो हात मधेच ठेवून दिला.

त्या दिवाळीत चॅनेलनं जिल्हे बंद केले.
माइकवरचा नावाचा ठोकळा कुरिअरनं परत मागितला.
पाठवला. एकशेवीस रुपये, पावती आहे.
मी आता एका पतसंस्थेत वसुलीच्या नोटिसा लिहिते,
तिथं माझं मराठी चांगलं आहे म्हणतात.

नाना अजून नऊला टीव्ही लावतात.
मोठ्या चौकोनाकडे बघतच नाहीत.
कोपऱ्यात कुणीतरी पोरगा उभा असतो,
कानात बोट घालून, तोंड हलवत.
मी ताट घेऊन शेजारी बसते, काही विचारायला जाते,
ते हात वर करतात.
“थांब की. गडचिरोलीचा आहे.
पुलाचं सांगतोय.”